स्कॉटलंडचा कौल आणि आपल्या सीमांचा प्रश्न

(मोहन नगर, दुर्ग-भिलाई येथील मराठी भाषक कामगार-कर्मचाऱ्यांपुढील व्याख्यानाचा मजकूर)



१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडच्या मतदारांपुढे एकच प्रश्न ठेवण्यात आला. स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा काय? होय किंवा नाही, एवढेच उत्तर द्यायचे होते. शंभरातील सुमारे पंच्याऐंशी मतदार मतदानाला आले. ‘होय’ म्हणणारे १६,१७,९८९ निघाले, तर ‘नाही’ म्हणणारे २०,०१,९२६. तीनशेहून अधिक वर्षांचे संयुक्त राज्य टिकले. परंतु जवळजवळ पंचेचाळीस टक्के लोकांना ते नको आहे, हेही त्याच दिवशी जगाला कळले.

दुर्ग-भिलाईच्या मराठी माणसाला या दूरदेशीच्या कज्ज्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे पहिले उत्तर इतिहासातच आहे. मोहन नगर ज्या भूमीवर वसले आहे, ती भूमी १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होती. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि दत्तकाचा वारसा नाकारून ते राज्य कंपनी सरकारने गिळंकृत केले. ज्या गव्हर्नर-जनरलने हे केले, तो लॉर्ड डलहौसी इंग्रज नव्हता, स्कॉट होता. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाही स्कॉटच. त्यापूर्वी तो नागपूर दरबारातही रेसिडेंट होता. नागपुरातील ज्या कॉलेजात मध्य प्रांतातल्या कित्येक पिढ्या शिकल्या, त्याला नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे. तेव्हा ‘ब्रिटिश’ म्हणून ज्या सत्तेला आपले पूर्वज ओळखत होते, तिचा चेहरा या भागात पुष्कळदा स्कॉटिशच होता.

या मुद्द्यापाशी थोडे थांबले पाहिजे. स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच्या टाचेखाली भरडली गेलेली वसाहत, असे चित्र तेथील काही राष्ट्रवादी रंगवतात. ते खरे नव्हे. आयर्लंड वसाहत होती. तेथे जमिनी हिसकावल्या गेल्या, धर्माच्या नावाने माणसे हक्कांना मुकली, दुष्काळात लाखो मेली. मार्क्सने १८६९-७० च्या सुमारास इंग्रज कामगारांना बजावले होते की आयर्लंड मोकळे झाल्यावाचून तुमचीही सुटका नाही. स्कॉटलंडची कहाणी वेगळी. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदार व व्यापारी वर्गाने पनामाच्या डॅरियन किनाऱ्यावर स्वतःची वसाहत उभारण्याचा डाव मांडला. तो साफ फसला आणि देशातील भांडवलाचा मोठा हिस्सा बुडाला. त्यानंतर त्याच वर्गाने १७०७ साली आपली पार्लमेंट मोडीत काढून लंडनच्या पार्लमेंटात बसणे पत्करले. सौद्याच्या मोबदल्यात सुमारे ३,९८,००० पौंड मिळाले, आणि त्यातून डॅरियनमध्ये बुडालेल्या भागधारकांची भरपाईही झाली! सामान्य स्कॉट जनतेला कोणी विचारले नाही. एडिंबरोच्या रस्त्यांवर तिने दंगे करून आपले मत सांगितले, एवढेच. हा करार अंमलात आला तो दिवस १ मे. महाराष्ट्र राज्यही १ मे रोजीच जन्मले. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही, पण लक्षात राहण्यासारखा आहे खरा.

स्कॉटिश वरच्या वर्गाला या सौद्यातून मिळाले ते साम्राज्य. हेन्री डंडाससारख्या मंत्र्याच्या हाती कंपनीच्या नेमणुकांच्या दोऱ्या आल्या, आणि स्कॉट घराण्यांतली धाकटी मुले हिंदुस्थानात अधिकारी, डॉक्टर, व्यापारी होऊन आली. हुगळीच्या काठच्या तागाच्या गिरण्यांत स्कॉट मॅनेजर बसले. त्याच गिरण्यांनी पुढे स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या ताग-धंद्याचे कंबरडे मोडले. ग्लासगोत जहाजे बांधली जात, त्यांतून साम्राज्याचा माल आणि सैन्य वाहिले जाई. इतिहासकार लिंडा कॉली हिने १९९२ च्या ‘ब्रिटन्स’ या ग्रंथात दाखवले आहे की ‘ब्रिटिश’ ही ओळख अनादि नव्हे. ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फ्रान्सशी झालेल्या युद्धांतून, प्रॉटेस्टंट धर्मातून आणि साम्राज्यातून घडवली गेली. घडवलेली वस्तू, ती घडवणारी परिस्थिती बदलली की सैल होते. साम्राज्य गेले. मग शिल्लक काय राहिले?

शिल्लक राहिले ते कामगारवर्गाने दुसऱ्या महायुद्धानंतर मिळवलेले. सार्वजनिक आरोग्यसेवा, राष्ट्रीयीकृत कोळसा, रेल्वे, पुढे पोलाद, नगरपालिकांची घरे, पेन्शन. स्कॉटिश खाणकामगार आणि वेल्श खाणकामगार एकाच युनियनमध्ये होते, एकाच मालकाशी, म्हणजे सरकारशी, भांडत होते. १९४५ नंतरच्या ब्रिटिशपणाचा खरा पाया हा होता. राजमुकुट आणि झेंडा हे त्यावरचे नक्षीकाम. हा पाया उखडला गेला तेव्हाच स्कॉटलंडचा प्रश्न पेटला, हे नीट समजून घेतल्याशिवाय २०१४ चा कौल समजणार नाही.

भिलाईच्या माणसाला हे समजावून सांगण्यास रेव्हन्सक्रेगचे उदाहरण पुरे. स्कॉटलंडच्या मदरवेल गावी रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना होता. १९५८ साली पत्रा-गिरणी कोठे काढावी असा प्रश्न आला, तेव्हा मॅकमिलन सरकारने ती वेल्स आणि स्कॉटलंड यांच्यात विभागून दिली. एकाच ठिकाणी काढणे स्वस्त पडले असते, असे भांडवलदारी हिशेबनीस तेव्हाही म्हणत होते. बेकारीने गांजलेल्या दोन्ही प्रदेशांना काम दिले पाहिजे, असा राजकीय निर्णय झाला. इकडे १९५५ साली सोव्हिएत सहकार्याचा करार होऊन फेब्रुवारी १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तीही मागासलेल्या प्रदेशात सार्वजनिक मालकीचा उद्योग उभा राहिला पाहिजे या निर्णयातूनच. दोन्ही कारखाने एका काळाची लेकरे. १९८८ मध्ये थॅचर सरकारने ब्रिटिश स्टील खाजगी भांडवलाला विकले आणि जून १९९२ मध्ये रेव्हन्सक्रेग बंद झाले. २०१४ साली ३२ नगरपरिषद-विभागांपैकी केवळ चारांनी ‘होय’ म्हटले. ते चार म्हणजे ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशायर आणि ज्यात मदरवेल येते ते नॉर्थ लॅनार्कशायर. जहाजबांधणी, ताग आणि पोलाद यांवर जगलेली ही गावे. स्वातंत्र्याची मागणी तेथे गवसली ती जुन्या किल्ल्यांत आणि बॅगपाइपच्या सुरांत नव्हे, गंजलेल्या दरवाजांपाशी.

याला जोडून तेलाची गोष्ट. उत्तर समुद्रात १९७० च्या सुमारास तेल सापडले आणि ते स्कॉटलंडचे आहे, ही घोषणा स्कॉटिश नॅशनल पार्टीने गावोगाव नेली. १९७४ साली सरकारी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅकक्रोन यांनी अहवाल दिला की या तेलाच्या बळावर स्वतंत्र स्कॉटलंडची आर्थिक स्थिती भक्कम होऊ शकेल. तो अहवाल गुप्त ठेवण्यात आला आणि २००५ साली माहितीच्या कायद्याखाली बाहेर आला. ज्या सरकारला आपल्या राज्याच्या एकतेवर विश्वास असतो, ते असे कागद तीस वर्षे कुलपात ठेवत नाही. तेलाचा पैसा आला, तो थॅचरच्या काळात कर-कपाती आणि बेकारभत्ते यांत विरघळला, आणि १९८९ साली माणशी कर, म्हणजे राजवाड्यात राहणाऱ्याला व खोलीत राहणाऱ्याला सारखाच पोल टॅक्स, इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर लादला गेला. १९८७ च्या निवडणुकीत तेथील ७२ पैकी जेमतेम १० जागा जिंकणारा पक्ष हे करू शकत होता, कारण बहुमत लंडनमध्ये मोजले जात होते.

येथे डाव्या चळवळीतील वादाकडे वळले पाहिजे, कारण तो वाद आपलाही आहे.

क्लाइड नदीकाठच्या क्रांतिकारक कामगार चळवळीचा नेता जॉन मॅक्लीन आयुष्याच्या अखेरीस स्कॉटिश कामगार प्रजासत्ताकाची मागणी करू लागला. १९२३ मध्ये तो वारला. ब्रिटिश कम्युनिस्टांनी त्याचा मार्ग स्वीकारला नाही. त्यांनी संयुक्त ब्रिटनच्या कामगारवर्गाची एकजूट धरून ठेवली, परंतु स्कॉटिश पार्लमेंटच्या मागणीचा मात्र पाठपुरावा केला. १९६८ साली स्कॉटिश कामगार संघटनांच्या परिषदेत ही मागणी मांडली ती खाणकामगारांनी, कम्युनिस्ट नेते मिक मॅकगाही यांच्या पुढाकाराने. १९७१ मध्ये क्लाइडवरील जहाज-कारखाने बंद करण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा जिमी रीड आणि जिमी एअर्ली या कम्युनिस्ट प्रतिनिधींच्या नेतृत्वाखाली कामगारांनी संप न करता कारखान्याचा ताबा घेऊन काम चालूच ठेवले. ब्रिटनभरच्या कामगारांनी निधी पाठवला आणि १९७२ च्या आरंभी सरकारला माघार घ्यावी लागली. स्कॉटिश अस्मिता आणि सर्व ब्रिटनच्या कामगारांची एकी या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे तेव्हा प्रत्यक्षात दिसले.

पाचच वर्षांनी, १९७७ मध्ये, टॉम नेर्न या स्कॉटिश मार्क्सवाद्याने ‘द ब्रेक-अप ऑफ ब्रिटन’ हे पुस्तक लिहिले. ब्रिटिश राज्यसंस्था ही जुनाट, साम्राज्याच्या सावलीत वाढलेली व सुधारणेपलीकडे गेलेली आहे. ती फुटणे हीच प्रगती, असा त्याचा युक्तिवाद. एरिक हॉब्सबॉम यांनी त्याला त्याच वर्षी उत्तर दिले. बहुराष्ट्रीय भांडवलाला मोठ्या राज्यांपेक्षा लहान, परावलंबी राज्ये अधिक सोयीची असतात. फुटीर राष्ट्रवादाला समाजवादाची पायरी समजणे ही मार्क्सवाद्याची आत्मवंचना आहे, असे त्यांनी बजावले. दोघेही विद्वान, दोघेही आपापल्या परीने बरोबर. नेर्नला त्या राज्याचा कुजकेपणा अचूक दिसला. हॉब्सबॉमना भांडवलाची चाल अचूक दिसली. परंतु लोकांनी फुटावे की न फुटावे हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या दोन मतांच्या मध्येच राहून जातो. लेनिनने त्याचे उत्तर १९१४ मध्ये देऊन ठेवले आहे. घटस्फोटाचा हक्क मान्य करणे म्हणजे घरोघर घटस्फोट घडवून आणणे नव्हे. नॉर्वेने १९०५ साली सार्वमत घेऊन स्वीडनशी फारकत घेतली. स्वीडिश कामगारांनी ती अडवली नाही, आणि म्हणूनच दोन्हीकडच्या कामगारांची मैत्री टिकली, असा दाखला तो देतो.

हक्क मान्य करायचा आणि मग तो कसा वापरला जातो याकडे वर्गदृष्टीने पाहायचे, ही भूमिका सोपी वाटते, पण व्यवहारात तिला फार थोडे लोक चिकटून राहतात. १९७९ च्या १ मार्चला स्कॉटिश विधिमंडळासाठी सार्वमत झाले. ५१.६ टक्के मते अनुकूल पडली. तरी मागणी फेटाळली गेली, कारण एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्क्यांनी अनुकूल मत दिले पाहिजे, अशी अट मजूर पक्षाच्याच एका खासदाराने घातली होती. घरी बसलेला माणूस आणि यादीत नाव राहिलेला मृत माणूस, दोघेही विरोधक ठरले! चिडलेल्या नॅशनल पार्टीने २८ मार्च रोजी विरोधी बाजूने मत दिले, मजूर सरकार एका मताने कोसळले आणि थॅचरबाई आल्या. नॅशनल पार्टीच्या ११ जागांच्या २ झाल्या. एकाने हक्क नाकारला, दुसऱ्याने रागाच्या भरात वर्गशत्रूला दार उघडून दिले. किंमत मोजली रेव्हन्सक्रेगने. १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्क्यांनी पार्लमेंट मागितली, ती १९९९ मध्ये मिळाली.

आणि २०१४ साली नॅशनल पार्टीने देऊ केलेले स्वातंत्र्य तरी कसले होते? तिच्या सरकारच्या श्वेतपत्रिकेत पौंड कायम, राणी कायम, ‘नाटो’ कायम. अण्वस्त्र पाणबुड्या हटवण्याचे वचन होते, ते स्वागतार्ह. पण चलनाची दोरी लंडनच्या हाती ठेवून आर्थिक धोरण स्वतंत्रपणे कसे आखणार, याचे पटण्याजोगे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने अशा वेळी ‘नाही’ म्हटले तर त्याला भ्याड म्हणण्याचे कारण नाही.

यानंतर जे घडले ते मराठी माणसाला ओळखीचे वाटावे. स्वातंत्र्याला ‘नाही’ म्हणणाऱ्या त्याच स्कॉटलंडने आठ महिन्यांनी, मे २०१५ मध्ये, ५९ पैकी ५६ जागा नॅशनल पार्टीला दिल्या. लंडनचे पंडित बुचकळ्यात पडले. त्यांनी गोव्याकडे पाहिले असते तर पडले नसते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, हा प्रश्न होता. विलीनीकरणाला १,३८,१७० मते, वेगळे राहण्यास १,७२,१९१. आणि दोन-अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने पुन्हा सत्ता दिली ती विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, भाऊसाहेब बांदोडकरांना! लोक चंचल होते काय? मुळीच नाही. कूळ-मुंडकारांना भाटकारांविरुद्ध आपला माणूस सरकारात हवा होता. पण मुंबईच्या राज्याचा एक दूरचा जिल्हा होणे त्यांतल्या पुष्कळांना नको होते. ओळख आणि सत्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे सामान्य मतदार पुढाऱ्यांपेक्षा स्वच्छ जाणतो. आणखी एक गोष्ट नोंदली पाहिजे. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता. महाराष्ट्रातील पुढाऱ्यांना तो कौल कडू लागला, पण तो मानला गेला. भारतात राज्यरचनेच्या प्रश्नावर असा थेट कौल घेतला गेला, तो तेवढाच.

विदर्भाला असे कधी कोणी विचारले? मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ सालीच महाविदर्भाच्या वेगळ्या प्रांताचा ठराव केला होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात आणण्यासाठी निधी, नोकऱ्या, शिक्षण यांत न्याय्य वाट्याची आणि विधानसभेच्या एका अधिवेशनाची आश्वासने दिली. दोन वर्षांनी फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भ राज्याचीच शिफारस केली. ती बाजूला सारून १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबईत गेले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला पश्चिम महाराष्ट्रात जो प्रचंड कौल मिळाला, तसा विदर्भात मिळाला नाही, हे आकडे लपवून कोणाचे भले होणार? १९६२ मध्ये नागपूरकरांनी लोकनायक बापूजी अणे यांना लोकसभेवर पाठवले, ते विदर्भवादी म्हणूनच.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा कष्टकऱ्यांचा लढा होता, आणि त्यात लाल बावट्याचा वाटा सिंहाचा होता. मुंबई महाराष्ट्रापासून तोडू पाहणारे कोण होते? मुंबईचे गिरणीमालक व शेटजी. गोळ्या खाल्ल्या त्या गिरणगावाने. म्हणून तो लढा प्रतिगामी होता, असे कोणी म्हटले तर ते इतिहासाशी बेइमानी होईल. परंतु भाषिक राज्य मिळाले की वर्गप्रश्न आपोआप सुटतो, असे मानणेही तितकेच चूक, आणि त्याचा पुरावा फार लवकर मिळाला. १९६६ मध्ये शिवसेना निघाली व तिने दाक्षिणात्य कारकुनांना आणि कम्युनिस्टांना लक्ष्य केले. ५ जून १९७० रोजी परळचे आमदार कॉ. कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. ज्या अस्मितेच्या जोरावर गिरणगावाने मोरारजी सरकारला हलवले, तिलाच सहा वर्षांत मालकांना सोयीचे वळण लागले. विदर्भवाद्यांनीही यातून शिकण्यासारखे आहे. विदर्भाचा कोळसा, वीज, कापूस आणि संत्री यांची यादी वाचून दाखवली म्हणजे विदर्भाची मुक्ती झाली असे नव्हे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दिला, ते काम मोलाचे होते. पण अनुशेष भरण्याचे कंत्राट कोणाला मिळते आणि धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जाते, हे समित्या मोजत नाहीत. यवतमाळच्या कापूस-उत्पादकाने आत्महत्या केली, तेव्हा त्याला नडली ती मुंबई की सावकार, बियाण्याची कंपनी आणि कापसाचा पडलेला भाव? मुंबईही नडली, खरे आहे. पण नागपुरात मंत्रालय आले तर बाकीचे तिघे गाव सोडून जातील काय?

छत्तीसगडने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९५६ पूर्वी दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. दुर्गच्या माणसाला हायकोर्टाची पायरी चढायची तर नागपूरच गाठावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोघांची ताटातूट झाली. विदर्भ मुंबईशी जोडला गेला, छत्तीसगड भोपाळशी. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले, तेही सार्वमताने नव्हे. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसदेच्या कायद्याने. नव्या राज्याला चार महिने पुरे होतात न होतात, तोच मार्च २००१ मध्ये केंद्र सरकारने कोरब्याच्या ‘बाल्को’ अॅल्युमिनियम कारखान्याचे ५१ टक्के भाग ५५१.५० कोटी रुपयांना स्टरलाइट कंपनीला विकले. कामगारांनी ६७ दिवस संप केला. राज्य सरकारने विरोध केला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्री वैध ठरवली. रायपुरात राजधानी होती, मुख्यमंत्री होता, झेंड्यावंदन होते. कारखान्याच्या मालकीविषयी बोलण्याचा अधिकार मात्र नव्हता. स्कॉटलंडला पार्लमेंट आहे, तरी ग्रेंजमाउथचा तेलशुद्धी कारखाना २०२५ मध्ये बंद झाला, तो तिला वाचवता आला नाही. मदरवेलच्या डालझेल पोलाद कारखान्याचे काय झाले? २००७ पासून तो टाटांच्या मालकीचा होता. २०१६ मध्ये त्यांनी तो सोडला. डलहौसीच्या देशातील कामगारांचे भवितव्य मुंबईच्या कचेरीत ठरू लागले! साम्राज्याचा हा सूड म्हणावा काय? मुळीच नाही. भांडवलाचा चेहरा देशी झाला म्हणून मदरवेलच्या कामगाराची वेदना हलकी होत नाही, आणि भिलाईच्या कामगाराला त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही.

छत्तीसगडच्या अस्मितेला कष्टकऱ्यांची बाजू देण्याचा प्रयत्न याच भागात झाला होता. शंकर गुहा नियोगी मूळचे बंगालचे. दल्ली-राजहराच्या खाणमजुरांची संघटना त्यांनी १९७७ मध्ये उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात ११ जण ठार झाले. १८५७ मध्ये फाशी गेलेल्या सोनाखानच्या वीर नारायणसिंहाची आठवण त्यांनी मजुरांत जागवली, मजुरांच्या वर्गणीतून इस्पितळ उभे केले. त्यांच्या मार्गाविषयी कम्युनिस्टांचे मतभेद होते आणि आहेत. पण ‘छत्तीसगडी कोण’ या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर रक्ताचे नव्हते. जो येथे राबतो आणि शोषकांशी लढतो, तो छत्तीसगडी. भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचा लढा चालू असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी झोपेत त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकापाशी पोलिसांनी त्या कामगारांवरच गोळीबार केला.

हे उत्तर मोहन नगरच्या मराठी माणसाने आपले मानले पाहिजे, कारण त्याच्यापुढे उभा असलेला प्रश्न अवघड आहे. येथील काही लोक त्याला ‘परदेसिया’ म्हणू शकतात, आणि भोसल्यांच्या राजवटीत या प्रदेशाकडून खंडणी व सारा वसूल झाला, तेव्हा तसे म्हणण्यास इतिहासात आधारही सापडेल; मराठे छत्तीसगडात काही सेवाकार्यासाठी आले नव्हते. स्कॉटलंडने २०१४ मध्ये मतदार कोण हे ठरवताना फार शहाणपण दाखवले. जो स्कॉटलंडमध्ये राहतो तो मतदार. वंश, आडनाव, जन्मस्थान यांचा प्रश्नच नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या स्कॉटला मत नव्हते. ग्लासगोत रीतसर राहणाऱ्या इंग्रजाला होते, पोलिश कामगाराला होते, आणि राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून भारतीयालाही होते. सोळा वर्षांच्या मुलामुलींना होते. उद्या विदर्भात कौल घेतला गेला, तर तो चंद्रपूरच्या तेलुगू खाणकामगाराचा, नागपूरच्या हिंदी भाषक हमालाचा आणि बिलासपूरकडून आलेल्या बांधकाम-मजुराचाही असला पाहिजे. पुण्यात स्थायिक झालेल्या वऱ्हाडी वकिलाचा नव्हे.

असे जगणे शक्य आहे याची उदाहरणे येथून दूर नाहीत. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. हिंदीतील मोठे कवी झाले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीत लिहीत होते. घर एक, भाषा दोन, राज्ये दोन, आणि दोघेही मार्क्सवादी. ते ‘खरे कोठले’, हे ठरवण्याची घाई त्यांना स्वतःला कधी झाल्याचे दिसत नाही.

स्कॉटलंडचा प्रश्न मिटलेला नाही. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचे ठरवले, तेव्हा ६२ टक्के स्कॉट मतदार राहण्याच्या बाजूचे होते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लंडनच्या संमतीवाचून स्कॉटिश पार्लमेंटला नवे सार्वमत घेता येणार नाही. कायद्याच्या भाषेत तो बरोबर असेल. ज्या संयुक्त राज्यातून बाहेर पडण्याचे दार आतून उघडतच नाही, ते स्वेच्छेचे राज्य असल्याचे मात्र त्यानंतर सांगू नये.

आपल्याकडे तर दार कोठे आहे हेच पुष्कळांना कधी दाखवले गेले नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यापासून मोहला-मानपूरपर्यंतचा गोंड मुलूख १९५६ पर्यंत एका प्रांतात होता. मग त्याच्या मधून रेघ आली. रेघेच्या एका बाजूची राजधानी मुंबई, दुसऱ्या बाजूची आधी भोपाळ, नंतर रायपूर. एकाच देवाच्या जत्रेला जाणाऱ्या, एकमेकांत सोयरीक असलेल्या गावांना या तिन्ही वेळी कोणी काही विचारले नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून बांबू विकण्याचा परवाना स्वतः देऊ लागले. तोपर्यंत तो बांबू कागद-गिरणीकडे जात होता. रेघेच्या पलीकडील गावांना तोच कायदा लागू आहे, आणि तेथील ग्रामसभांचे दावे तहसील कचेऱ्यांत अडकून पडले असतील तर ते सोडवण्याच्या कामात दुर्ग-भिलाईच्या संघटित कामगारांनी, मराठी असोत वा छत्तीसगडी, हात घालायला कोणत्याही नव्या राज्याची वाट पाहावी लागणार नाही.